आख्खी भाकर

नाशिकरोड
१२ नोव्हेंबर १९७९

ती. मालनमावशींना,
सुमनचा सप्रेम जयभीम.

कांद्याच्या वाफ्यात घसरून तुमचा पाय मोडला, प्लास्टर घातलं आहे, हे आम्हाला कळलं होतं. म्हणूनच हे इतके दिवस म्हणत होते, मावशीला आत्ता काही कळवू नकोस. पण तुमच्याशिवाय विचारावं असं दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून त्यांना सांगूनच लिहायला बसले आहे.

गेल्या महिन्यात आईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, वाचा गेली. घाबरू नका, जीव वाचला आहे आणि आता त्यांना घरी आणलं आहे. वाचाही परत येते आहे. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं ठेवा आणि तोंडाने खायला घाला. या दोन गोष्टी जमल्या तर तुमची सासू उठून बसेल. नाही जमल्या तर पुढचं मी सांगू शकत नाही.

अडचण अशी आहे की आई काय बोलतात ते आम्हाला समजत नाही. जीभ अडखळते, पण शब्द स्पष्ट असतो. तो शब्दच आमच्या ओळखीचा नसतो. काल म्हणाल्या, "उतरंडीतलं दे." मी उशी दिली, पाणी दिलं, औषध पुढे केलं, शेवटी त्यांनी कंटाळून डोळे मिटले. गॅसच्या शेगडीकडे बोट करून "वैलावर, वैलावर" म्हणतात. नवी लोकरी रग अंगावर घातली की डाव्या हाताने ढकलतात आणि म्हणतात, "वाकळ." आणि जेवायला बसवलं की ताटात पाहून रोज एकच प्रश्न, "कोरड्यास?" मला वाटलं, त्यांना कोरडं काहीतरी हवं आहे. म्हणून मी आमटी उचलून घेतली आणि चिवडा ठेवला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला हसावं की रडावं कळेना.

माझं माहेर इगतपुरीचं. वडील रेल्वेत, जन्म क्वार्टरमध्ये गेला, घरात निम्मी हिंदी. शाळेत शिकवते ते पुस्तकातलं मराठी. तुमच्या भिकनना विचारलं तर म्हणतात, आई घरात असं कधी बोललीच नाही. मग हे शब्द आले कुठून? जेवण थोडं कमीच आहे त्यांचं. तुम्ही त्यांची सख्खी बहीण. एवढं कळवा.

तुमची,
सुमन

---

देवळा
१९ नोव्हेंबर १९७९

चि. सौ. सुमन,
मालनमावशीचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग चिवड्याशी आले आणि हसू आवरेना. मास्तर म्हणाले, "पायासंगं डोकंबी मोडलं का काय?" माझे मालक जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवत आले आणि रिकाम्या वेळात मला. त्यांनी लिहायला शिकवलं म्हणून आज तुला उत्तर देता येतंय, नाहीतर या पायानं मी पडून काय केलं असतं?

अगं बाई, कोरड्यास म्हणजे कोरडं नव्हे. भाकरीला लावून खायचं जे काही कालवण असेल ते कोरड्यास. ती विचारते आहे, आज कालवण काय केलं? आणि तू होतं ते उचलून नेलंस! उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी, तळाला थोरलं आणि वर धाकलं. आमच्या आईच्या उतरंडीत सगळ्यांत वरच्या बोळक्यात गूळ असायचा, पोरांचा हात पोचू नये म्हणून. तुझ्या घरात उतरंड नाही, पण स्टीलचे डबे एकावर एक असतील. त्यात गूळ कुठं आहे बघ आणि खडा तिच्या जिभेवर ठेव. वैल म्हणजे चुलीचं बाजूचं तोंड. तिथं जाळ घालत नाहीत, शेजारच्या उबेवर भांडं गरम राहतं. ती तुझ्या शेगडीच्या दुसऱ्या बर्नरला वैल म्हणते आहे. तिला चहा गरम हवा असेल. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी. लोकर टोचते तिला, लहानपणापासून.

आता शब्द आले कुठून, ते सांगते. आमचं माहेर निफाडकडचं. तिथं घराघरात हीच बोली. आक्का लग्न होऊन नाशकात आली तेव्हा नळावरच्या बाया हसायच्या. भिकनला शाळेत घातलं तेव्हा तिनं ठरवलं, पोराच्या तोंडावरून पोराचं गाव आणि घर कुणाला कळता कामा नये. मग एकेक शब्द टाकत गेली. भिकन "नाय" म्हणाला की पाठीत धपाटा. "नाही म्हण! नाही!" मी देवळ्याला आले तर माझी सासू मला म्हणाली, "हाई कोनती बोली शे वं?" मी इथली शिकले, पण माझी टाकली नाही. आक्काचं सगळंच काम पक्कं असतं. आता आजारानं तिचं वरचं शिकलेलं धुऊन नेलं आणि तळाचं उघडं पडलं, असं मला वाटतं.

तू तिच्याशी तिच्या शब्दांत बोल. तुला लाज वाटत नाही हे तिला दिसू दे.

आणखीही काही शब्द आहेत. ते मी लिहीत नाही. तिच्या तोंडी आलेच तर मला कळव. नाही आले तर उत्तमच.

तुझी,
मालनमावशी

---

नाशिकरोड
५ डिसेंबर १९७९

ती. मावशींना,
सप्रेम जयभीम.

तुमचे उपकार कसे फेडू? पत्र आलं त्याच दुपारी मी आईंच्या जिभेवर गुळाचा खडा ठेवला आणि म्हटलं, "उतरंडीतला हाय, आई." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि त्या हसल्या. तोंड एका बाजूला ओढलं जातं, पण हसू ते हसूच.

आता खरं सांगते. तेव्हा मी "जेवण थोडं कमी" असं लिहिलं होतं, पण दवाखान्यातून आल्यापासून त्या दोन घासांवर होत्या. आता वरणभात कालवून दिला की वाटीभर जातो. आमची चौथीतली सुजाता शाळेतून आली की आजीजवळ बसते. सुजाता म्हणते टिफिन, मी म्हणते डबा, आई म्हणतात शिदोरी. तिघींचा खेळच चालतो. परवा सुजाताने विचारलं, "आजी, किती वाजले?" आईंनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाल्या, "दिस कासराभर वर आला." बैलाचा कासरा किती लांब असतो ते पोरीला समजावताना माझी पुरेवाट झाली. शेवटी कपडे वाळत घालायची दोरी काढून दाखवली.

हे मात्र आई असं बोलायला लागल्या की गॅलरीत जाऊन उभे राहतात. आईला अशा अवस्थेत ऐकणं त्यांना सोसत नसावं.

काल आईंनी भाकर मागितली. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कालवणात चांगली भिजवून द्या. त्यांना एका हाताने मोडता येत नाही आणि मला सकाळी शाळा असते. म्हणून उद्या मीच छान कुस्करून देणार आहे. शेजारच्या वत्सलाबाईंच्या घरची ज्वारीची भाकरी मऊ असते, त्या एक देणार आहेत. तुमच्या बहिणीला मी उठवून बसवणारच, बघा.

तुमची,
सुमन

---

नाशिकरोड
१० डिसेंबर १९७९

ती. मावशींना,
सप्रेम जयभीम.

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. आईंनी तोंड मिटून घेतलं आहे. खात नाहीत आणि बोलतही नाहीत. पाणी तेवढं चमच्याने जातं. आज डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, हा नवा झटका नाही, गिळता येतंय, मग खात का नाहीत? शुक्रवारपर्यंत वाट पाहू, नाहीतर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल. नळीचं नाव ऐकून आईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हणजे त्यांना सगळं कळतंय.

हे त्या भाकरीपासून सुरू झालं. मी काय केलं ते जसंच्या तसं सांगते. थोडी आमची बाजरीची, थोडी वत्सलाबाईंची ज्वारीची, सुजाताच्या डब्यातली उरलेली पोळी, सगळ्याचे तुकडे केले. आमची आमटी कमी होती, म्हणून वत्सलाबाईंनी दिलेली त्यांच्याकडची डाळही त्यातच ओतली. ताट आईंच्या पुढे ठेवलं आणि म्हटलं, "घ्या, भाकर आणि कोरड्यास." त्यांनी ताटाकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मी म्हटलं, "गरम आहे का?" त्यांनी डाव्या हाताने ताट सरकवलं. रागाने नाही, हळूच. त्यानंतर एक शब्द नाही.

वत्सलाबाई म्हणतात, आजारी माणसाला काही आवडतं, काही नाही, मनाला लावून घेऊ नका. हे ताटाचं वर्णन ऐकून उठून गेले. मावशी, मी काय केलं?

सुमन

---

देवळा
१२ डिसेंबर १९७९

चि. सौ. सुमन,

तुझं पत्र आजच मिळालं. हे पोस्टात टाकलं तर शुक्रवार निघून जाईल. नाशिकच्या गाडीचा कंडक्टर मास्तरांचा जुना विद्यार्थी आहे. त्याच्या हाती देते आहे. तो घरी आणून देईल, त्याला चहा पाज.

तुझं काही चुकलं नाही हे आधी वाच, मग पुढचं वाच.

आमच्या माहेरी गावाबाहेरच्या वाड्यात येसकरकी पाळीपाळीने यायची. ज्याची पाळी तो येसकर. वेशीवर राखण करायची, सांगावे पोचवायचे, मेलेलं जनावर ओढायचं, बोलावलं की पाटलाच्या दारी जाऊन बसायचं. त्याचा पगार नाही. सांजच्याला दारोदार जाऊन भाकर मागून आणायची, तोच मोबदला. आमची आई दुरडी घेऊन जायची आणि आक्का तिच्या मागं. उंबऱ्यापासून लांब उभं राहून हाक द्यायची, "येसकराला भाकर वाढा, माय." मग वरून तुकडा पडायचा. कुणाचा बाजरीचा, कुणाचा ज्वारीचा, कुणाकडे सण असला तर पोळीचा. घरी आलं की सगळं एका परातीत आणि घरोघरचं कालवण त्यावर एकत्र. मी तेच खाऊन वाढले. खोटं कशाला बोलू, भुकेला ते गोड लागायचं. पण मी धाकटी, घरी थांबायची. आक्कानं दारातल्या बायांची तोंडं पाहिली होती.

नाशकात आल्यावर ती मला म्हणाली होती, "मालने, माझ्या घरात कुणाच्या ताटात तुकडा पडणार नाय." पुढं आपण दीक्षा घेतली, ती कामं गावानं सोडली, सगळं मागं पडलं. तिचा नेम चालूच राहिला. तू त्या घरात नांदायला आलीस तेव्हापासूनचं आठवून बघ. कुणाला अर्धी भाकर वाढलेली पाहिलीस का? तान्ह्या पोरापुढंसुद्धा ती आख्खीच ठेवायची.

तिनं मला शपथ घातली होती की येसकर हा शब्द भिकनच्या कानावर जाऊ द्यायचा नाही. आज मी ती मोडते आहे. ती जगली तर मला बोल लावायला तरी असेल.

तू रडू नकोस. मास्तरांना मी तुझं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सुनेनं तसलं ताट स्वतः वाढलं आणि तिला काही आठवलं नाय, मालन. आपल्या घरात कधी असं होईल असं वाटलं होतं का?" मला तर पोरी तुझा आनंदच वाटला. तुझ्या हाताला ते ताट ओळखता आलं नाही, हे आक्कानंच कमावलं आहे. पण तिला वाटलं असेल, शेवटी तुकडाच नशिबी आला, तोही माझ्याच घरात.

आता असं कर. घरच्या पिठाची, घरच्या तव्यावरची एक भाकर तिच्या ताटात आख्खी ठेव. तू मोडू नकोस. मोडायची ती तिच्या हातानं, डाव्या तर डाव्या. आणि समजवायला जाऊ नकोस.

मालनमावशी

---

नाशिकरोड
१६ डिसेंबर १९७९

ती. मावशींना,
सप्रेम जयभीम.

आई जेवल्या.

कंडक्टर गुरुवारी दुपारी आला. त्याला चहा दिला, पण पत्र वाचल्यावर साखर घातली होती की नाही ते मला आठवेना. त्या बिचाऱ्याने तो पिऊन टाकला. तो गेल्यावर मी बाजरीचं पीठ मळलं. माझी भाकर गोल होत नाही, हे आईंनी मला लग्नापासून ऐकवलं आहे. त्या दिवशीही झाली नाही, पण फुगली. कालवण वेगळ्या वाटीत दिलं. ताट ठेवलं आणि मी समोर बसले.

आईंनी भाकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डावा हात उचलला, भाकरीवर ठेवला आणि तसाच राहू दिला, जशा सुजाताच्या डोक्यावर ठेवतात तसा. मग मोडायला गेल्या. एका हाताने ती ताटात नुसती फिरायला लागली. मावशी, माझे हात इतके शिवशिवत होते की मी ते पदरात गुंडाळून बसले. शेवटी त्यांनी तळहाताने दाबून धरली आणि अंगठ्याने काठ तोडला. वाटीत बुडवला, चघळत राहिल्या, गिळला. मग दुसरा. अर्ध्या भाकरीवर थांबल्या आणि उरलेली माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "कुनी सांगितलं?"

मी म्हटलं, "मावशींनी."

"मालनीच्या तोंडाला झाकण नाय. पहिल्यापास्नं नाय."

झटका आल्यापासूनचं त्यांचं हे सगळ्यांत लांब बोलणं. शुक्रवारी डॉक्टर आले तेव्हा आई उशीला टेकून बसल्या होत्या. नळीचा विषय निघाला नाही. डॉक्टरांनी विचारलं, कोणतं औषध लागू पडलं? आईच म्हणाल्या, "बाजरी."

मी अजून यांना काही सांगितलेलं नाही. ते सांगणं माझ्याकडे नाही, आईंकडे आहे. तुम्ही शपथ मोडलीत म्हणून मला माझी सासू परत मिळाली. आणि आणखी एका गोष्टीसाठी मी तुमची ऋणी आहे. बारा वर्षं मी या घरात आख्खी भाकर खाते आहे. ती कुणी मिळवून दिली ते मला माहीत नव्हतं.

तुमची,
सुमन

---

नाशिकरोड
२२ जानेवारी १९८०

मालनीस,
आक्काचा जयभीम.

मी सांगते, सुमन लिहिते. सांगते तसं लिही म्हटलं, शाळेतल्यावाणी सुधारू नको म्हटलं.

मी काठी धरून मोरीपतोर जाते. हात अजून तसाच हाय. जीभ बरी हाय, तुझ्याएवढी नाय.

तू शपथ मोडली. मोडली ते बरं केलं. पण मी ती भिकनसाठी घातली व्हती, तर म्हटलं आता त्याला आपणच सांगू. परवा रविवारी समद्यांना बसवलं. सुजाताबी व्हती. येसकर म्हंजे काय, दुरडी म्हंजे काय, आई कुठं उभी राहायची, मी कुठं, समदं बोलले. मधी मधी जीभ थांबली, पण बोलले. माझं झाल्यावर भिकन म्हणतो, "आई, मला ठाऊक होतं."

मी म्हटलं, "कवापास्नं?"

"तिसरीत असल्यापासून. पोरांनी सांगितलं होतं."

"मंग बोलला का नाय?"

तर म्हणतो, "तू इतकं जपून ठेवलं होतंस. मला कळलंय हे तुला कळलं असतं, तर तुझी सगळी मेहनत फुकट गेली असं तुला वाटलं असतं."

मालने, पोरगं लहानपणापास्नं माझ्यापुढं आख्खी भाकर खात व्हतं आन् मला कळू देत नव्हतं. मी त्याला सांभाळत व्हते का तो मला, कुणास ठाऊक. सुमनला वाटायचं, त्याला माझं बोलणं सोसत नाय म्हणून तो गॅलरीत जातो. तो म्हणतो, "आज तो शब्द येतो का, या भ्यावानं जायचो." आता शब्द घरात बोलून झाला. मला हलकं वाटलं. रोज बोलायला नको, पण कोंडून ठेवायलाबी नको.

सुजाता माझ्याजवळ सरकली. मंग म्हणाली, "आजी, तुझ्या आईला आख्खी भाकर कुणी वाढली का?"

मी म्हटलं, वाढली. मी वाढली. नाशकात माझं बिऱ्हाड झालं, पहिल्यांदा आई आली, तवा चुलीवरची गरम ताटात ठिवली. तिनं ती खाल्ली नाय. मला म्हणाली, माझं पोट भरलंय. फडक्यात बांधून पदराला गाठ मारली आन् गावाकडं घिऊन गेली. म्हणाली, "मालनीला दिते."

तवा तू बारा-तेरा वर्साची असशील. मंग तुझं लगीन झालं, आई गेली, आन् मी ते दिस कुणाला बोलू दिले नाय, तुलाबी नाय. ते इचारायचंच राहिलं.

ती भाकर तुला पोचली व्हती का?

आक्का

---

देवळा
२८ जानेवारी १९८०

आक्का,

पोचली होती.

आई चालत आली होती, पाय सुजले होते. आल्या आल्या पदराची गाठ सोडली आणि मला म्हणाली, "बघ, तुझ्या बहिणीच्या घरची हाय." मी मोडायला हात घातला तर माझा हात धरला. म्हणाली, "थांब. आधी दाखवून आणू." आणि ती भाकर दोन्ही हातांवर धरून आई साऱ्या वाड्यात फिरली. प्रत्येक दारात थांबली. त्या दिवशी तिनं कुणाकडे काही मागितलं नाही. नुसतं तुझं नाव घेऊन म्हणायची, "यशोदेनं दिली. आख्खी." म्हाताऱ्या बाया दारात येऊन बघायच्या. कुणी हात लावला नाही.

मग आम्ही दोघींनी ती पाण्यात भिजवून खाल्ली. कडक झाली होती. आईनं मला मोठा वाटा दिला. तुझे आभार मानायचे तेव्हापासून राहून गेले आहेत. ते आज मानते, आक्का.

प्लास्टर निघालं. पाय बारीक झालाय, पण चालतो. मास्तर शनिवारी सकाळच्या गाडीत बसवून देतात. पीठ मी घेऊन येते. भाकर सुमन थापेल, तू शेकायला बस.

मालन